खुर्चीवरचे आकडे

भगवान खिल्लारे यांच्या घरी भाजी दोनदा शिजते. पहिल्या उकळीचं पाणी वेणूबाई मोरीत ओततात आणि भाजी नव्या पाण्यात पुन्हा चढवतात. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या शरीरातून भाजीतले क्षार बाहेर पडत नाहीत, म्हणून ते आधीच काढून टाकायचे, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. उरतो तो चोथा. भगवान तो मुकाट्याने खातात. दिवसाचं पाणी अर्धा लिटर. तेही वेणूबाई सकाळी तांब्यात मोजून ठेवतात, आणि चहा घेतला तर तो त्यातूनच वजा.

"जन्मभर पाण्याच्या टाक्या सांभाळल्या," वेणूबाई घणसोलीतल्या शेजारणींना सांगतात, "आन् आता तांब्याभर पाणी पुरवून पुरवून प्यायचं आलं नशिबी."

भगवान परभणीकडचे. अठ्ठ्याऐंशी साली मेव्हण्याच्या मागोमाग इकडे आले. रबाळ्यात औषधांच्या एका कारखान्यात पाणी विभागात हेल्पर म्हणून लागले आणि ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे तीन टाक्या होत्या. माणसाच्या दुप्पट उंचीच्या, आत नारळाच्या करवंटीचा कोळसा ठासून भरलेला. औषधाच्या पाण्यात क्लोरीन चालत नाही. पाणी वरून टाकीत सोडायचं, कोळसा क्लोरीन धरून ठेवतो, खालून चांगलं पाणी निघतं. पण कोळशाचंही पोट भरतं. गादीवर पाणी सांडलं की आधी वरचा कापूस भिजतो, मग त्याखालचा, आणि शेवटी फरशी ओली होते, तसंच हे. भरलेल्या थराची रेघ रोज थोडी खाली सरकते. ती तळाला पोचली की क्लोरीन बाहेर. पाणी विभागात याला 'टाकी फुटली' म्हणायचे. नवा आलेला माणूस हातात बॅटरी घेऊन टाकीला भेग शोधत फिरायचा आणि बाकीचे हसायचे.

रेघ कुठवर आली हे कळावं म्हणून टाकीच्या अंगाला चार उंचींवर चार तोट्या होत्या. दर चार तासांनी शिडी चढायची, प्रत्येक तोटीचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. साधा क्लोरीन पाण्याला लगेच पिवळं करतो. अमोनियाशी जोडी जमवून बसलेला क्लोरीन मात्र सावकाश रंग दाखवतो. म्हणून पाच मिनिटं. मग रंग पट्टीशी जुळवून आकडा लॉगबुकात लिहायचा.

पहिली काही वर्षं भगवान शिडी चढले. मग हेल्परची जागा रद्द झाली. तीन टाक्या आणि खालचे पंप एकाच माणसाने बघायचे, असं ठरलं. चार तोट्या, तीन टाक्या, प्रत्येकी पाच मिनिटं. म्हणजे तासभर पंपांकडे कुणाचं लक्ष नाही. एका दुपारी भगवान शिडी चढलेच नाहीत. खालून निघणारं पाणी तेवढं तपासलं आणि मधले आकडे खुर्चीत बसून भरले. कुणाला काही कळलं नाही. विभागात या प्रकाराला नावसुद्धा होतं, खुर्चीवरचं रीडिंग. सगळेच करायचे. भगवान ते सगळ्यांपेक्षा नीट करायचे, एवढंच. आकडा एकदम उडी मारून गेला की सुपरवायझर आरडाओरडा करायचा, म्हणून ते वरचा आणि खालचा आकडा धरून मधले बेताबेताने बसवायचे. आधी हळू, मग भरभर, मग पुन्हा हळू.

कारखान्याच्या रजिस्टरात पक्की नोंद करण्याआधीची ही कच्ची लॉगबुकं निवृत्तीच्या दिवशी रद्दीत जायची होती. भगवान ती घरी घेऊन आले. अकरा वर्षांची बावीस लॉगबुकं. का आणली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माळ्यावर पडून होती.

त्यांची मुलगी संघमित्रा केमिकल इंजिनिअर झाली आणि मुंबईच्या एका कॉलेजात पीएचडीला लागली, तेव्हा तिचा विषय ऐकून घरात सगळे हसले होते. कोळशाच्या टाकीतून पाणी जाताना क्लोरीनची रेघ किती वेगाने खाली सरकते आणि टाकी कोणत्या दिवशी फुटणार, हे गणिताने आधीच सांगायचं.

"बापाचीच नोकरी की गं ही," वेणूबाई म्हणाल्या. "त्याला इतकं शिकावं लागतं व्हय?"

प्रयोगशाळेत तिने लाटण्याएवढी काचेची टाकी उभी केली होती. पण लाटण्यावरून कारखान्याचं गणित मांडता येत नाही, खऱ्या टाकीचे आकडे हवेत. एका दिवाळीत माळा साफ करताना तिला लॉगबुकं सापडली. ती तिथंच, कोळिष्टकांत बसून वाचत राहिली.

"बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत! केवढं स्वच्छ लिहिलंय. कुठे खाडाखोड नाही, डाग नाही."

"ते कच्चं हाय गं," भगवान म्हणाले. "त्याचा काय उपयोग?"

"उपयोग? असा डेटा कुणाकडे नाही."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. वेणूबाई फराळाचं ताट घेऊन आल्या आणि वेळ गेली. मग तिने वर्षभर खपून ते आकडे संगणकात भरले, आणि दर महिन्याला सांगणं अवघड होत गेलं. तिचं समीकरण त्या आकड्यांवर अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं. काचेच्या टाकीतले चार आकडे तेवढे बसेनात. त्यांच्या हिशेबाने कोळसा बराच लवकर भरत होता. तिच्या सरांनी ते चूक म्हणून बाजूला ठेवायला सांगितले. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिने छापलं, 'माझ्या वडिलांना, ज्यांच्या नोंदींवर हे काम उभं आहे.' भगवान यांनी ते पान पाहिलं आणि ते चष्मा पुसत बसले. वेणूबाईंना वाटलं, डोळे भरून आले.

त्याच्या आदल्या वर्षी भगवान यांचं डायलिसिस सुरू झालं होतं. सानपाड्यात एका ट्रस्टचं केंद्र आहे, दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. शेजारच्या खाटेवर जासईचे फजलभाई. कंटेनर यार्डासमोर त्यांचं टायरचं दुकान. माणूस बोलका.

"काय भगवानदादा, आज किती वजन वाढवून आणलंत?"

"दोन किलो."

"वेणूवहिनींचा पहारा ढिला पडला वाटतं. आमच्याकडे साबिरा बर्फाचा खडासुद्धा मोजते. म्हणते, दोन दिले होते, तिसरा कुठून आला?"

वजनकाट्याकडे जाताना पाण्याच्या खोलीवरून जावं लागे. दाराच्या फटीतून भगवान यांना निळ्या रंगाच्या दोन टाक्या दिसल्या, तेव्हा ते चालता चालता थांबले होते. कोळशाच्याच टाक्या. डायलिसिसला एका माणसामागे शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. पातळ पडद्यापलीकडे ते रक्ताला लागून वाहतं. त्यात क्लोरीन राहिला तर तो रक्तपेशी फोडतो. दारामागे तक्ता टांगलेला होता. तारीख, वेळ, क्लोरीन, सही. खाली ओळीने एकच आकडा, मर्यादेच्या आतला. ०.०५. ०.०५. ०.०५. एकाच पेनाने, एकाच दाबाने. कागद कोरा करकरीत. ओल्या हाताने लिहिलेल्या कागदावर थेंब पडतात, शाई पसरते, अंगठ्याचा ठसा उठतो. या कागदाला पाणी शिवलेलंच नव्हतं. असा कागद ओळखायला भगवान यांना चष्मासुद्धा लागला नसता.

तरी वर्षभर ते काही बोलले नाहीत. बरं चाललं होतं.

या वर्षी एप्रिलात पाण्याची कपात सुरू झाली आणि केंद्राला टँकर येऊ लागले. टँकरवाले पाण्यात क्लोरीनची पावडर सढळ हाताने टाकतात. मे महिन्यात भगवान यांचं डोकं मशीनवर दुखू लागलं. फजलभाईंना उलट्या होऊ लागल्या. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यांचं हिमोग्लोबिन नऊवरून साडेसहावर. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. त्यांनी इंजेक्शनं वाढवली.

"माझं रक्त कुणी पितंय का बघा रे," फजलभाई म्हणाले. "भगवानदादा, तुम्ही नाही ना?"

त्या दिवशी भगवान यांनी फजलभाईंच्या नळीतल्या रक्ताकडे पाहिलं. लाल नव्हतं. काकवीसारखं काळपट दिसत होतं. मशीन सुटल्यावर ते तंत्रज्ञ अंकुशला गाठायला पाण्याच्या खोलीत गेले. अंकुश तिशीचा, आठ मशीनं एकटा बघणारा.

"अंकुश, क्लोरीनची नळी किती वेळ धरतोस?"

"काका, तुमी पेशंट हाय. जाऊन बसा ना, चक्कर येईल."

"पाच मिनिटं धरतोस का?"

"पाच मिनिटं?" अंकुश हसला. "आठ पेशंट, आठ मशीनं, सगळ्यांच्या सुया मीच लावायच्या. पाच मिनिटं मी नळी घेऊन उभा राहू? थेंब टाकला, पिवळं नाय आलं, विषय खल्लास."

"आणि त्या तक्त्यावर रोज लिहिलंय, ते?"

अंकुशने दार लोटून घेतलं. भगवान यांनी आवाज खाली आणला.

"मी तुझी तक्रार करायला आलो नाही. मी पण अकरा वर्षं खुर्चीवरून लिहिलंय. म्हणून सांगतो."

अंकुशच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "मग काका, तुमाला तर माहीत हाय. काय झालं का त्यानं? काय नाय होत. टेन्शन नका घेऊ."

भगवान यांना खरंच माहीत नव्हतं की काय झालं होतं. त्यांच्या टाक्यांचं पाणी औषधांच्या बाटल्यांत जायचं आणि बाटल्या कुठे कुठे जायच्या.

संध्याकाळी त्यांनी संघमित्राला जवळ बसवलं. टाक्यांची उंची त्यांनी नजरेने घेतली होती, घेर वितीने मोजला होता, कोळसा कधी भरला ते टाकीवरच्या चिठ्ठीवर होतं.

"तुझ्या गणितानं सांग. ही टाकी कधी फुटेल?"

तिची तोंडी परीक्षा दहा दिवसांवर आली होती. तरी तिने लॅपटॉप उघडला. टँकरचा क्लोरीन तिने दुप्पट धरला, वर सुरक्षिततेसाठी आणखी थोडा. कोळसा किती क्लोरीन धरतो आणि किती वेगाने धरतो, हे दोन आकडे तिच्या प्रबंधातून घेतले. पडद्यावर रेघ उमटली. आधी हळू, मग भरभर, मग पुन्हा हळू.

"ऑक्टोबरचा शेवट," ती म्हणाली. "अगदी वाईट धरलं तरी सप्टेंबर. बाबा, पाण्याचा प्रश्न नाही. फजलकाकांचं दुसरं काहीतरी असेल."

भगवान त्या रेघेकडे बघत राहिले. ती कुठून आली होती हे त्यांना ठाऊक होतं. दुपारची पाळी, पंख्याखालची खुर्ची, गुडघ्यावर लॉगबुक. जिला पोरगी कोळशाचा स्वभाव समजत होती, ती तिच्या बापाच्या हाताची सवय होती.

"अजून कमी येऊ शकतं का?" त्यांनी विचारलं.

"तुमचेच आकडे आहेत," संघमित्रा हसली. "तुमच्यावर तरी विश्वास ठेवा."

वेणूबाई भाजीचं पहिलं पाणी ओतत होत्या. "परीक्षा होऊ द्या पोरीची," त्या मोरीतून म्हणाल्या. "तिला कशापायी कामाला लावायलाव?"

परीक्षा होऊ द्या. भगवान यांनी ते वाक्य धरलं. दहा दिवस म्हणजे चार वेळा मशीन. दहा दिवसांत काय होतंय.

गुरुवारी फजलभाई चालत आले. शनिवारी त्यांचा मुलगा आतिफ त्यांना धरून घेऊन आला. तिसऱ्या तासाला त्यांना श्वास लागला. "भगवानदादा," ते म्हणाले, "पंखा बंद केला का कुणी?" पंखा डोक्यावर फिरत होता. अंकुशने मशीन थांबवलं, रुग्णवाहिका बोलावली. मोठ्या रुग्णालयात पोचायच्या आधी, वाटेतच ते गेले. कागदावर हृदयविकार लिहिलं गेलं. डायलिसिसच्या पेशंटच्या बाबतीत त्याबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

रविवारी केंद्रात कोळसा बदलला. मंगळवारी भगवान गेले तेव्हा पाण्याच्या खोलीबाहेर काळ्या चुऱ्याची पोती ठेवलेली होती. तक्ता नवा होता. ०.०५. त्यांचं डोकं त्या दिवशी दुखलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि संघमित्राला सगळं सांगितलं. शिडी, हेल्परची जागा, खुर्ची. तिला आधी कळेना.

"म्हणजे काही आकडे अंदाजाने?"

"मधले जवळजवळ सगळेच."

"सगळे?"

"खालचं पाणी घेत होतो. तेही नेहमी नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माळ्यावरून बावीस लॉगबुकं काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. एक पेन्सिल दिली.

"खरे कुठले, खूण करा."

वेणूबाई मध्ये पडल्या. "अगं, त्या माणसाला आज सुया टोचल्यात..."

"आई, तू नको बोलूस."

भगवान दोन दिवस पानं उलटत बसले. खरी पानं सापडायला अवघड नव्हती. त्यांच्यावर पाण्याचे थेंब वाळले होते, शाई पसरली होती, आकडे वेडेवाकडे होते. अकरा वर्षांत एकेचाळीस पानं निघाली. संघमित्राने तेवढीच घेतली. काचेच्या टाकीतले टाकून दिलेले चार आकडेही परत घेतले. एकेचाळीस पानांशी ते व्यवस्थित जुळत होते. मग तिने सानपाड्याच्या टाकीचं गणित पुन्हा केलं.

उत्तर आलं मे महिन्याचा दुसरा आठवडा. फजलभाईंच्या उलट्या सुरू झाल्या तो.

तिने तोंडी परीक्षा रद्द करायचं पत्र सरांना पाठवलं. कारण लिहिलं, आकडे विश्वासार्ह नाहीत. सर फोनवर समजावत राहिले की एवढं कुणी बघत नाही. ती हं हं करत ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "फजलकाकांच्या घरी जायचं आहे. तुम्ही सांगायचं, मी फक्त सोबत येणार."

"सांगितलं तर केंद्रात मला ठेवतील का?" भगवान यांनी विचारलं. नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, सगळीकडे नाव नोंदवून झालं होतं. कुठेच खाट रिकामी नव्हती. एक आठवडा मशीन चुकलं तर काय होतं, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

संघमित्रा चपला घालून दारात उभी राहिली.

जासईला फजलभाईंच्या घरी बाहेरच्या खोलीत साबिरा बसल्या होत्या, पांढऱ्या ओढणीत. त्यांची मुलगी शायमा चहा ठेवून आत गेली. केंद्रातून परत आलेली फजलभाईंची चौकड्यांची चादर खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवली होती.

भगवान यांनी सांगितलं. तक्ता, कोरा कागद, अंकुश. मग ते थांबले आणि स्वतःचं सांगितलं. मुलीने काढलेली तारीखही सांगितली, पहिली आणि दुसरी.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून दिसत होतं," साबिरा म्हणाल्या.

"हो, भाभी."

"ते घरी येऊन तुमचं सांगायचे. म्हणायचे, पाण्यातलं त्या माणसाला कळतं. तो बाजूला असला की मला बरं वाटतं."

साबिरांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"नळी किती वेळ धरायची म्हणालात?"

"पाच मिनिटं."

साबिरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ त्या तिकडेच बघत होत्या. बाहेर यार्डाकडे जाणाऱ्या ट्रेलरने कपबश्या खडखडल्या.

"आतिफ वकिलाकडे जाणार आहे," त्या म्हणाल्या. "तोंडी सांगितलेलं चालत नाही. लिहून द्याल?"

त्यांनी शायमाच्या वहीतलं एक पान फाडून पुढे ठेवलं. भगवान यांनी सवयीने डाव्या कोपऱ्यात आधी तारीख घातली, मग वेळ. मग नाव, आणि पाणी विभागात किती वर्षं काढली ते. 'मी' लिहून ते अडले. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा ओळ पुरी करताना कोपर कपाला लागलं आणि चहा कागदावर सांडला. शाई पसरली, अर्धी ओळ तपकिरी झाली.

साबिरांनी दुसरं कोरं पान पुढे केलं.

"राहू द्या, भाभी," भगवान म्हणाले, आणि ओल्या कागदावरच पुढची ओळ लिहायला घेतली. "हेच असू दे."